उंबराखालच्या फळ्यावरचे दोन टोमॅटो

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. माझा एक कोपरा उडाला आहे, मधोमध भेग पडली आहे, पाठीला वाळवी लागून गेली आहे, हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही मी फळा आहे, आणि साधासुधा नाही. मलावीतल्या देड्झाच्या डोंगराखाली आमची शाळा आहे. तिच्या तिसरीला खोली नाही. तो वर्ग रानउंबराखाली भरतो आणि गेली एकोणीस वर्षे त्या उंबराला मी टांगलेला आहे.

गावच्या सुताराने चार जाड फळ्या जोडून मला बनवले. माझा रंग दुकानातला नाही. आयाबायांनी टॉर्चच्या संपलेल्या सेलमधला काळा गर कुटला, रताळ्याच्या पाल्याच्या रसात कालवला आणि माझ्या अंगाला चोळला. दर सप्टेंबरला शाळा उघडताना हा लेप नव्याने होतो. त्या दिवशी माझा तोरा बघायला या! माझ्यावर शिकलेली एक मुलगी नर्स झाली, एक मुलगा ट्रक चालवतो, आणि एक मुलगी तर पुन्हा माझ्याजवळच आली. त्या आमच्या एस्टेरी मॅडम.

मॅडम एकट्या आणि मुले एकशे अठरा. इतक्या वह्या तपासायच्या कुणी आणि कधी? म्हणून गेल्या वर्षी त्यांनी फोनमधल्या एआयची मदत घ्यायला सुरुवात केली. तो गणिते तयार करून द्यायचा. वह्यांचे फोटो काढले की गुणही द्यायचा. मॅडमच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली, त्या पुन्हा गाणी म्हणू लागल्या. खोटे कशाला बोलू, मी मनातून जळलो. त्यात मुख्याध्यापक नाझोम्बे सर म्हणाले, "पुढच्या वर्षी शिकवायला मोठा स्क्रीन येणार आहे. हा फळा चुलीला द्या, मुलांची लापशी तरी शिजेल."

जूनमध्ये वार्षिक परीक्षा आली. मॅडमनी फोनला बजावले होते, "आमच्या मुलांना कळतील अशी, बाजारातलीच गणितं दे." फोनने पाचही गणिते बाजारातली दिली. मॅडमनी ती माझ्यावर उतरवली. पहिले असे होते: एका बाईकडे वीस टोमॅटो होते. तिने तीन गिऱ्हाइकांना प्रत्येकी पाच टोमॅटो विकले. किती उरले?

फोनने वह्या तपासल्या आणि एकाहत्तर मुले नापास केली. आमच्याकडे नापास म्हणजे पुन्हा तोच वर्ग. मॅडमना घाम फुटला, पण सर ठाम होते. "यादी लावा, मॅडम. फोनला ना कुणी भाचा, ना पुतण्या. त्याच्याइतका निःपक्षपाती मास्तर शोधून सापडायचा नाही."

त्या एकाहत्तरांत फालेसी होती. तिची तिसरी आधीच दोनदा झाली होती. यादीची कुणकुण लागताच तिची आई टोमॅटोची टोपली डोक्यावर घेऊन तडक उंबराखाली आली. "मॅडम, तुमच्यावर राग नाही. पण बास झालं आता. हिची उंची बघा, पोरांत ताडासारखी दिसते. उद्यापासून माझ्याबरोबर बाजारात बसेल."

फालेसी खाली मान घालून उभी होती. मॅडमनी तिला जवळ घेतले. "फालेसी, विसातून पंधरा गेले, किती राहिले?"

"पाच."

"अगं मग दोन का लिहिलेस?"

"म्बासेला, मॅडम."

फालेसीने खडू उचलला, माझ्यावर वीस गोल काढले, आणि पाच-पाच पुसता पुसता दर गिऱ्हाइकामागे एक जास्तीचा पुसला. "एवढे घेतल्यावर वर एक नको द्यायला? नाही दिला तर परत कोण येईल आपल्याकडे?" माझ्यावर दोनच गोल उरले.

मागून एक पोरगी ओरडली, "मॅडम, तुमच्या फोनमधली बाई भारी चिक्कू आहे!" सगळा वर्ग खो खो हसला. फालेसीची आईसुद्धा तोंडाला हात लावून हसली.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. ज्यांच्या आया बाजारात बसतात, बहुतेक तीच मुले नापास झाली होती, हे त्यांना लख्ख दिसले. त्यांनी फोनला म्बासेलाची, म्हणजे गिऱ्हाइकाला वर एक फुकट द्यायची, रीत सांगितली. त्याने लगेच चूक कबूल केली, माफीही मागितली. हुशार आहे तो, त्यात वाद नाही. बाजारात कधी बसला नव्हता, इतकेच.

"पण उत्तरसूचीत उत्तर पाच आहे," सर अडून बसले.

"सर, तुम्ही सकाळी केळी घेतलीत ना? वरचं केळं परत केलंत का?"

सरांनी टोपी सारखी केली. "बरं, तपासा. पण माझ्यासमोर."

तीन दिवस एकेक मूल माझ्यापुढे आले आणि आपले उत्तर गोल काढून सांगून गेले. आमच्याकडे जूनमध्ये थंडी असते; त्या वाऱ्यात मॅडमचा आवाज बसला, माझी भेग खडूने पांढरी झाली. एकाहत्तरांपैकी चौसष्ट मुले पास झाली. उरलेल्या सातांना खरोखरच शिकवणीची गरज होती, तीही आता मिळते आहे.

फोन मॅडमकडे अजून आहे आणि रोज राबतो. मात्र त्याने दिलेले प्रत्येक गणित आधी माझ्यावर येते, मुले त्याची उलटतपासणी करतात, मगच ते परीक्षेला जाते. माझ्या चुलीचे नाव आता कुणी काढत नाही. मित्रांनो, एवढा मान किती फळ्यांना मिळतो? म्हणून म्हातारपणी एकच मागतो. मुलाच्या उत्तरावर फुली मारण्याआधी त्याला विचारा, "हे तुला कसं सुचलं?" आणि ते सांगायला त्याला माझ्यासारखी थोडी जागा द्या.

चौथीत गेलेल्यांची नावे मॅडमनी माझ्यावरच लिहिली. फालेसीच्या आईला वाचता येत नाही. "कुठाय गं?" म्हणून तिने विचारले. फालेसीने बोट ठेवले. आईने हात पुढे केला, पण अक्षरे पुसली जातील म्हणून तो नावापासून वीतभर अंतरावर तसाच धरून ठेवला, आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली.