शेवटच्या बाकावरची नेरिया

नेरिया माझी सवत. मी थोरली, ओडेरोची आई; ती धाकटी. आमच्या नवऱ्यानं, ओकुमूनं, तिला घरी आणलं तेव्हा पुढची चार वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही. त्याची लाज आता वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

आमच्या सरोवराकाठच्या चर्चचा नियम असा, की थोरल्या बायकोनं प्रभूच्या पंगतीची भाकर घ्यावी. धाकटीनं नवऱ्याच्या घरात आहे तोवर घेऊ नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुढे जाऊन गुडघे टेकायची आणि नेरिया शेवटच्या बाकावर बसून राहायची. एकतीस वर्षं असंच चाललं. तिच्याइतकं जीव ओतून गाणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. आमचं बोलणं सुरू झाल्यापासून घरी परतताना ती दर खेपेला विचारायची, "आक्का, चव कशी असते गं?"

"अळणी," मी म्हणायची. "तुझ्या मासळीच्या कालवणाची सर नाही त्याला."

ती हसायची, पण तिची नजर माझ्या तोंडावरून हलायची नाही.

यंदा तिनं अंथरूण धरलं. पोटात गाठ. दवाखान्यानं हात टेकले आणि घरी पाठवलं. दुखण्याचं ती नावही काढत नसे. तिला घोर एकच. "आक्का, प्रभूच्या पंगतीला मी कधी बसलेच नाही. तो मला ओळखेल का? तुला आत घेतलं आणि मला बाहेर ठेवलं, तर?"

तिच्याशिवाय स्वर्गात मी भांडायचं तरी कुणाशी? मी तडक ओबुया पाद्र्यांकडे गेले. माणूस भला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"ओडेरोच्या आई, तिला तिच्या भावाच्या घरी नेऊन ठेवा. त्याच दिवशी मी भाकर घेऊन येतो."

"तिला कूस बदलता येत नाही, पाद्रीबाबा. आणि सोडायचं कुणाला? नवऱ्याला की मला?"

"नियम मी केलेला नाही, आई."

"मग मोडताना तुमचा जीव का जातो?"

मी तणतणत निघून आले.

रविवारी भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर पडला. हात तोंडाशी नेला, पण मूठ उघडली नाही. तुकडा लुगड्याच्या गाठीत बांधला आणि भर उन्हात घर गाठलं.

"घे," मी म्हटलं.

नेरिया बघतच राहिली. "पाद्र्यांनी दिला?"

"मला दिला. मी तुला आणला."

"म्हणजे तू नाही खाल्लास?"

"मी खूप खाल्लाय आजवर. आ कर."

तिनं तो हातात घेतला, हुंगला. पापाला भ्यायली, असं मला वाटलं. मग तिनं त्या नखाएवढ्या तुकड्याचे दोन केले आणि मोठा माझ्या ओठांशी धरला.

"एकटीच्या घशाखाली उतरायचा नाही, आक्का."

मी तोंड उघडलं, उरलेला तिनं स्वतःच्या तोंडात टाकला. एकतीस वर्षं ती भाकर मी हक्कानं घेत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती भीक म्हणून घेतली, आणि तिच्या उशाशी बसून हमसून हमसून रडले.