मागची सीट

पेणला दत्तात्रेयशेठच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात साईराज दोन मोटारसायकलींमध्ये येरझारा घालत होता. एक साधी, बुटकी, ऐसपैस सीटची. दुसरी डोंगरातली, उंच, अंगाने सडपातळ, जाड दातांच्या टायरांची.

"पाठी कोण बसणार?" शेठने विचारलं.

"बायको."

"मग तिला घेऊन ये. बसवून बघ."

"आठवा सरत आलाय, शेठ. कुठं आणू तिला?"

"मग बुटकी घे, माझं ऐक."

पण साईराजच्या डोळ्यांपुढे रोह्याच्या वरच्या अंगाला असलेली त्याची वाडी होती. रस्ता डोंगराच्या पायथ्याशीच संपतो. वर नुसती पायवाट, धोंडे आणि मधे ओढा. बुटकी गाडी पहिल्याच धोंड्यावर पोट टेकून बसली असती. उंच गाडी डोलवीला कंपनीत जायला हायवेवर पळेल, घरी यायला डोंगरही चढेल. मुख्य म्हणजे मृणालीला वेळेवर खाली नेईल.

गेल्या खेपेला वेळेवर नेता आलं नव्हतं. वाडीतले सगळे गडी डोलवीला ठेकेदाराकडे आणि बांबूला बांधलेली झोळी उचलायला खांदेच नाहीत. साईराजही शिफ्टमध्येच होता. शेतांवरून माणसं गोळा करून झोळी निघाली आणि पोर वाटेतच गेलं. त्या दिवसापासून मृणाली त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. त्याला ते फार लागायचं, पण बोलणार कुठल्या तोंडाने?

त्याने उंच गाडी घेतली.

इंदुबाईने, त्याच्या आईने, गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग पठ्ठ्याने मागच्या सीटवर भाताचं पोतं दोरीने आवळलं आणि सगळी वाट उतरून, चढून दाखवली. पोतं तसूभर हललं नाही. वाडी खूश. मृणाली तेवढी दारातून बघत राहिली.

"मी पोतं नाय," ती म्हणाली. साईराजने ते हसण्यावारी नेलं.

दिवस अजून भरायचे होते. आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या. कंपनीत मोठं दुरुस्तीचं काम निघालेलं, गडी सगळे तिकडेच. साईराज मात्र घरी होता. आता आपल्याकडे गाडी आहे या धीरावर. त्याने ती दारात आणली, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की सीट मृणालीच्या कमरेच्याही वर येतेय. दोघी-तिघींनी तिला उचलून वर ठेवलं. लुगडं सावरून ती एका अंगाने बसली, जन्मभर बसत आली तशी. पाय टेकायला काही नव्हतं, धरायला काही नव्हतं.

पहिल्याच उतारावर ती घसरून त्याच्या पाठीवर आदळली. पुढच्या धोंड्यावर किंचाळली.

"उतरव मला!"

"थोडंच राहिलंय गो, जरा धीर धर."

"तेव्हाबी असंच म्हणत व्हते सगळे. थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय."

साईराजने करकचून ब्रेक दाबला. आता पुन्हा तेच होणार, आणि या खेपेला तर आपण समोर असून होणार, या विचाराने तो पार खचला. मागून इंदुबाई दोन बाया घेऊन धापा टाकत आली. तिने आधीच माळ्यावरची झोळी काढून खांद्यावर घेतली होती.

"आमी उचलतो," ती म्हणाली.

"तुमी बाया? झोळी?"

"मग काय गड्यांची वाट बघू परत? तू खाली जा. नर्सबाईला घेऊन ये. तेवढं तरी कर त्या गाडीनं."

तो सुटला. ओढ्यात एकदा पडला, कोपर सोलवटलं, उठून पुन्हा सुटला. खालच्या गावच्या उपकेंद्रात अनिता सिस्टर नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पिशवी गळ्यात अडकवली, ओढणी कमरेला बांधली, दोन्हीकडे पाय टाकून बसल्या आणि त्याची कंबर घट्ट धरली. गाडी धोंडे तुडवत चढली. नर्सबाईलाच वर आणायचं हे गेल्या वर्षी कोणालाच का सुचलं नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात घण घालत होतं.

ओढ्यापलीकडच्या सपाटीवर बायांनी झोळी टेकवली होती. पुढे न्यायला वेळच उरला नव्हता. त्यांनी लुगड्यांचा आडोसा धरला, सिस्टर आत गेल्या. साईराज ओढ्याच्या अलीकडेच गाडीपाशी थांबला. चढावर बंद पडली तर चालू व्हायला रडवते म्हणून त्याने इंजिन तसंच चालू ठेवलं होतं. कितीतरी वेळ गेला. मृणालीचं कण्हणं थांबलं.

"आई?" त्याने हाक मारली.

"ती गाडी बंद कर आधी!" आतून सिस्टर ओरडल्या. "काय ऐकूच येत नाय."

त्याने चावी फिरवली. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. त्याने श्वास रोखून धरला आणि कान टवकारले.

आडोशामागे तान्हं पोर बारीक आवाजात रडायला लागलं.