भंगारातली दोन यंत्रं

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. "दिल्ली मुख्यालय आणि गाझियाबादची पाणी तपासणी प्रयोगशाळा यांच्यात संगणक जोडणी अस्तित्वात नाही." खाली तुमची सही. वर हुकूम, की शुक्रवारी दोन्हीकडची यंत्रं उचला.

अस्तित्वात नाही? ती मी जोडली आहे. मी हेमलता, तुमच्याच ऑफिसातली क्लार्क, बीए इतिहास.

आधी काय होतं ते आठवा. अहवाल पेन ड्राइव्हवर भरायचे आणि शिपाई बळवंतमामांनी ते खिशात घालून मेट्रोने मुख्यालयात आणायचे. दोन ऑफिसांमध्ये खास लाइन टाकायचा कंपनीचा आकडा ऐकून तुम्हीच फाइल मिटवली होतीत. मग मी भंगारखोलीतून दोन कॉम्प्युटर काढले. एक इथे, एक तिथे. दोन्हीकडे साधं ब्रॉडबँड होतंच, त्यातूनच कुलूपबंद वाट काढली. त्यासाठीचं फुकटातलं सॉफ्टवेअर मयूर विहारच्या घरी तीन महिने वाचून शिकले. कुणी शिकवलं नाही.

सुरुवातीला एक अहवाल उघडायला चार मिनिटं लागायची. "ताई, एवढ्यात मी यमुना ओलांडली असती," मामा म्हणाले. झोंबलं. शोधलं तर दरवेळी कॉम्प्युटरमधली अहवालांची अख्खी वही इकडून तिकडे ओढली जात होती. मग वहीची एकेक प्रत दोन्हीकडे ठेवली आणि फक्त बदललेलं पान पाठवायला लावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम.

"अच्छा, म्हणजे आमची रोजची सैर संपली!" मामा म्हणाले, आणि संध्याकाळी बालूशाही घेऊन आले.

जुलैत एका वसाहतीच्या पाण्यात जंतू निघाले. अहवाल तत्काळ इथे, तासाभरात नळ बंद. पूर्वी तो दुसऱ्या दिवशी आला असता आणि तोवर पोरं तेच पाणी प्यायली असती.

मग तुम्ही पाहणीला आलात. तुमचं घरी मराठी, ऑफिसात हिंदी. माझ्या टेबलावर अहवाल क्षणात उघडलेला पाहून म्हणालात, "मैडम, यह तो यहीं का है। गाज़ियाबाद वाला दिखाइए।"

"सर, यही गाज़ियाबाद है।"

पटेना. म्हणून मी तिथल्या विजयाबाईंना फोन करून शेवटच्या ओळीत तुमचं नाव लिहायला सांगितलं. तुम्ही अहवाल पुन्हा उघडलात. नाव होतं.

"साहेब, तुम्हीही पोचलात की गाझियाबादला," मामा म्हणाले. खोली हसली. त्या हसण्याचा राग तुम्ही यंत्रांवर काढलात. म्हणे, नोंदवहीत ती दोन्ही बाद आहेत. बाद झालेली वस्तू चालू असूच शकत नाही, म्हणून जोडणीही नाही. आणि सोमवारपासून मामांनी पुन्हा पेन ड्राइव्ह आणायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने.

मी प्लग काढणार नाही. बदली करा, मेमो द्या. चौदा महिने ही वाट एक दिवस बंद पडली नाही, आणि ती माझ्या हातची आहे.

फक्त एक सांगा. तुमचा हा हुकूम तुम्ही काल चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही ऑफिसांच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकलात. चार अकराला विजयाबाईंनी तो गाझियाबादला छापून काढला. मामा तेव्हा माझ्यासमोर चहा पीत होते.

मग तो तिथे नेला कोणी? शुक्रवारच्या आत लेखी उत्तर द्या. सहीसकट.