वापर : नियमित

“हात लाव गं! लांबनं काय बघतीस? मोडलं तर मोडलं, मी हाय की!”

गणपतराव मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण हा आवाज तेजस्वीच्या कानातनं गेला नव्हता. गडमुडशिंगीच्या त्या शाळेत मास्तरांकडं होतं तरी काय? कड उडालेलं एक भिंग, एक होकायंत्र, आणि सायकलच्या दुकानातनं मागून आणलेले मूठभर छर्रे. तरी वर्गातल्या शेवटच्या पोराचा हात वस्तूला लागल्याशिवाय मास्तर फळ्याकडं वळत नसत. त्या हात लावण्यापायीच ती विज्ञानाची शिक्षिका झाली. आणि आता गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका हायस्कूलात, कुलूप घातलेल्या कपाटाकडं रोज बघत बघत तिची नोकरी चालली होती.

त्या कपाटात दहा सूक्ष्मदर्शक होते. एक दुर्बीण होती, यंत्रमानव जोडायचे सुटे भाग होते, विजेच्या प्रयोगांच्या पेट्या होत्या. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतनं टेम्पो भरून हे सामान आलं, तेव्हा गावानं हलगी लावून ते उतरवून घेतलं होतं. त्यानंतर कपाट वर्षातनं दोनदा उघडायचं. एकदा तपासणीला आणि एकदा खंडेनवमीच्या पूजेला.

“डेडस्टॉकला नोंद हाय, मॅडम,” मुख्याध्यापक हंबीरराव सर म्हणायचे. सामानाची ती लांबरुंद वही त्यांच्या टेबलावर पोथीसारखी असायची. “आधीच्या सरांच्या काळात एक थर्मामीटर हरवला. निवृत्तीच्या दिवसापर्यंत चौकशी चालली त्यांची. हारतुरे राहिले बाजूला, माणूस जबाब देत बसला.”

तेजस्वी भांडणारी बाई नव्हती. घरातनं निघताना देवापुढं दिवा लावल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायची नाही, आणि शाळेत पोरांवरसुद्धा आवाज चढवायची नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास, नऊ दिवस अनवाणी. तशीच ती एस्टीनं यायची, तशीच शिकवायची. सरांनी नाही म्हटलं की ती फळ्यावर सूक्ष्मदर्शकाची सुबक आकृती काढायची, भागांना नावं द्यायची, आणि पोरं ती वहीत उतरवून घ्यायची.

नववीतल्या नुजहतचं मात्र आकृतीवर भागणारं नव्हतं. तिचे वडील अल्लाउद्दीन गाद्या भरायचे. श्रावणात तिची धाकटी बहीण जुलाबानं इतकी निपचित पडली, की पोरीला कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागलं. पोरगी वाचली. ती घरी आल्यावर नुजहत शाळेत आली आणि प्रयोगशाळेच्या खोलीतल्या तासाला उभी राहिली.

“मॅडम, आमच्या गल्लीचं आडाचं पाणी निवळ हाय. वरच्या झऱ्याचं बी निवळ हाय. झऱ्याचं पिणाऱ्यांना काय होत न्हाय, मग आमचीच पोटं का बिघडत्यात? निवळ पाण्यात काय असतंय?”

“बघावं लागेल,” तेजस्वी म्हणाली.

“कशानं?”

वर्गातल्या सगळ्या माना कपाटाकडं वळल्या.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नुजहतनं हाच प्रश्न घेतला. सर म्हणाले, मोबाइलवर चित्रं मिळत्यात, बघून मोठी काढ, रंग भर, झाला प्रकल्प. त्यावर ती म्हणाली, “दुसऱ्याच्या पाण्याचं चित्र काढून मी काय करू, सर?” सरांना राग आला, तेजस्वीला हसू आलं. त्याच दिवशी तिनं व्हरांड्यात नुजहतला थांबवून सांगितलं, “खंडेनवमीला कपाट उघडतं. त्या दिवशी तुला तुझंच पाणी दाखवते. शब्द देते.”

मॅडमचा शब्द म्हणजे काय, हे पोरांना ठाऊक होतं.

खंडेनवमी उजाडली. नुजहत दोन बाटल्या घेऊन आली. एकीवर चिठ्ठी चिकटवली होती ‘आड’, दुसरीवर ‘झरा’. पहाटेच भरून आणल्या होत्या आणि बाकाखाली अशा ठेवल्या होत्या, की कुणी पाय हलवला तरी ती दचकायची.

प्रयोगशाळेच्या खोलीत लांब टेबलावर निळं कापड अंथरलं होतं. बाळासो शिपायानं दहाही सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडले, झेंडूची माळ वळवली, वाटीत ओलं कुंकू कालवलं आणि एकेका सूक्ष्मदर्शकाला बोटं ओढत निघाला. तेजस्वी पोरांना ओळीत उभं करत होती. तिचं लक्ष गेलं तोवर बाळासो सातव्याला पोचला होता.

“अरे बाळासो, तिथं कुठं लावतोस! ती डोळा लावायची काच आहे!”

“मग कुठं लावू, मॅडम? वरचं टोक म्हंजे कपाळच की त्याचं!”

पोरं हसली. बाळासोही हसला. त्यात त्याचा काय दोष? तीन वर्षांत कुणी त्या काचेला डोळा लावलेला त्यानं बघितलाच नव्हता.

नारळ फुटला, आरती झाली. मग सरांनी मोबाइल काढला. “वापराचा फोटो वर पाठवायचा हाय. नुजहत, तू ये गं. मुलगी असली की फोटो बरा दिसतोय.”

नुजहत पुढं आली. ओढणी मागं सारून तिनं दोन्ही हातांनी सूक्ष्मदर्शक अलगद धरला, आणि एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला.

“सर, लालच दिसतंय सगळं.”

वर्ग खदखदून हसला.

“फोटोत ते दिसत न्हाय. तू हास की जरा. हां, अशी!”

डोळ्याखाली कुंकवाचा डाग घेऊन नुजहत हसली. फोटो निघाला. ‘विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण करताना’ असं लिहून सरांनी तो तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, आणि खाली अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस सुरू झाला.

“सर, पाणी आणलंय,” नुजहत म्हणाली. बाटल्या तिच्या हातात होत्या.

“आता? येडी का काय तू? पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत न्हाईत. चला, प्रसाद घ्या आणि घरला जावा. बाळासो, खोली बंद कर.”

नुजहतनं तेजस्वीकडं बघितलं. तेजस्वीनं सरांकडं बघितलं. सर नारळाची वाटी फोडत होते.

पोरगी वळली. बाहेर गेली. जास्वंदीच्या बुडात आधी एक बाटली ओतली, मग दुसरी. चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. तेजस्वी तिच्या मागं आली, तेव्हा बाटल्या दप्तरात गेल्या होत्या.

“नुजहत, जरा थांब.”

“ऱ्हाऊ दे, मॅडम. प्रदर्शनाच्या यादीतनं माझं नाव काढा.” आवाजात रडं नव्हतं, तक्रारही नव्हती. एखादी म्हातारी बाई बोलावी तसं ती बोलली आणि फाटकातनं निघून गेली.

तेजस्वीच्या तळपायापासनं राग वर चढला. हा असला राग तिला आयुष्यात आला नव्हता. नऊ दिवस पोटात अन्न नव्हतं, पण भुकेचा हा राग नव्हता. तिला त्या फोटोचा राग आला, त्या अंगठ्यांचा आला, टेबलावर झेंडू लेऊन बसलेल्या त्या दहा आंधळ्या यंत्रांचा आला. ती तरातरा कार्यालयात गेली.

“सर, जिल्ह्याची ती फिरती प्रयोगशाळा, गाडी घेऊन शाळोशाळी येते, ती आपल्याकडं मागवा. आजच अर्ज करू.”

“ती आपल्याला न्हाय मिळत.”

“का?”

“ज्या शाळांत साहित्य न्हाय, न्हाईतर वापर होत न्हाय, त्यांना हाय ती. आपला वापर तर नियमित हाय.”

“कोण म्हणतं?”

सरांनी कपाटातनं फाइल काढली आणि तिच्यापुढं सरकवली. “तुम्हीच म्हणताय की, मॅडम.”

दर तीन महिन्यांचा अहवाल होता. साहित्याचं नाव : सूक्ष्मदर्शक, दहा. वापर : नियमित. लाभार्थी विद्यार्थी : सर्व. आणि खाली विषयशिक्षकाची सही. तिची सही. तिनं पान उलटलं. पुन्हा तेच. अकरा पानं, अकरा सह्या, सगळ्या वळणदार. एकीचंही अक्षर थरथरलं नव्हतं.

फाइलच्या मागच्या खिशात तिच्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं होती. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ‘स्टेम’चं पाच दिवसांचं, यंत्रमानवाचं तीन दिवसांचं, ऑनलाइन तर किती. कोल्हापूरच्या त्या हॉलमध्ये तिनं स्वतः पानाचा पापुद्रा काचेवर ठेवून बघितला होता, आणि हिरव्या पेशी दिसल्यावर लहान पोरीसारखी टाळी वाजवली होती. ते सगळं बघून ती परत आली, आणि पोरांना फळ्यावर आकृती काढून दिली. एकादशीला चुकून साबुदाण्यात हळद पडली म्हणून ताट बाजूला सारणारी बाई, हे खोटं अकरा वेळा लिहून गेली होती. सही मागितली म्हणून केली. सगळेच करतात म्हणून केली. श्रावणात नुजहतची बहीण दवाखान्यात होती, तेव्हाही ही गाडी शेजारच्या गावापर्यंत येऊन गेली होती. या शाळेवरनं ती सरळ पुढं गेली ती तिच्याच सहीमुळं.

आता राग कुणावर काढायचा, ते तिला नीट कळलं.

“ह्या तिमाहीचा कोरा फॉर्म द्या, सर.”

“तो दिवाळीनंतर भरू की.”

“आत्ता द्या.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं, त्यांनीही चढवला असता. त्यांनी मुकाट्यानं फॉर्म दिला. तेजस्वीनं उभ्याउभ्याच लिहिलं. वापर : एकदाही नाही. लाभार्थी विद्यार्थी : कोणीही नाही. खाली आणखी एक ओळ टाकली. मागील अकरा अहवाल मी खोटे भरले आहेत. मग सही केली.

सर खुर्चीतनं अर्धे उठले. “मॅडम! अवो, डोकं ठिकाणावर हाय का? तुमची नोकरी जाईल आणि माझी बी! दोन वर्सं राहिल्यात माझी, सुखानं जाऊ द्या की!”

“नुजहतचं दीडच वर्ष राहिलंय, सर. दहावी झाली की ती पुन्हा कधी अशा काचेपुढं उभी राहणार आहे, सांगा.”

“म्हणून काय आता गाव पेटवताय व्हय?”

“एक सूक्ष्मदर्शक घेऊन चाललेय. वहीत माझ्या नावावर टाका. फुटला तर मी फोडला असं लिहा.”

“पूजेतला न्हाय उचलायचा!” सरांना एकदम आधार सापडला. “तुमच्यासारख्या देवाधर्माच्या बाईनं तरी असलं करू नये. मांडलेली पूजा मोडताय?”

“मोडत नाही. उत्तरपूजा करून हलवते. मला येते.”

ती खोलीत गेली. बाळासो कुलूप हातात घेऊन दारातच उभा होता, तो आपसूक बाजूला झाला. तिनं पदर सारखा केला, ताटातल्या चिमूटभर अक्षता घेतल्या, हात जोडले. देवाचं नाव घेताना तिचे ओठ रोजच्यासारखे हलले. मग ओळीतल्या पहिल्या सूक्ष्मदर्शकावर अक्षता टाकून तिनं तो जागचा किंचित हलवला. गणपती उठवताना हलवतात, अगदी तसा. हंबीरराव सर दारातनं बघत होते. शास्त्राप्रमाणं झालेल्या गोष्टीला काय बोलणार?

“ही पूजा नव्हती, सर,” ती वळून म्हणाली. “आपण ह्यांच्या पाया पडत होतो ते ह्यांना हात लावावा लागू नये म्हणून. देवीला असलं चालत असेल तर माझे नऊ दिवस फुकट गेले म्हणा.”

प्रथमोपचाराच्या पेटीतनं कापूस आणि स्पिरिट घेऊन ती काच पुसत बसली. पहिला बोळा लाल झाला, दुसरा गुलाबी झाला, तिसरा पांढराच राहिला. खिडकीकडं आरसा वळवून तिनं डोळा लावला. आत गोल, स्वच्छ उजेड होता. पेटीतल्या काचपट्ट्यांचं पुडकं तिनं उघडलं. त्याचा कारखान्यातला कागदसुद्धा अजून फाटला नव्हता.

“मॅडम, बाकीच्या नऊचं काय करू?” बाळासोनं हळूच विचारलं. “कपाळं पुसू?”

“पूस. सांभाळून पूस. आणि कुलूप घालू नकोस.”

“सर वरडतील.”

“वरडू देत.”

सरांनी वहीत नोंद केली नाही. तिनंच वही ओढून घेतली, तारीख टाकली, वेळ टाकली, सही केली. सर खिडकीतनं बाहेर बघत राहिले. “सोमवारी मी वर कळवणार, मॅडम,” ते म्हणाले, पण फॉर्म त्यांनी फाडला नव्हता. तो टेबलावर तसाच पडला होता, आणि त्यांचा हात त्याच्यापासनं लांब होता.

दुपारचे दोन वाजले होते. घाटाकडं ढग होते, पण गावावर ऊन पडलं होतं. तेजस्वीनं सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून बाळाला घ्यावं तसा उराशी धरला आणि काचपट्ट्या पिशवीत टाकल्या. फाटकाबाहेर प्रसाद खात बसलेली दोन-तीन पोरं उठून उभी राहिली.

“मॅडम, कुठं निघालासा?”

“गाद्यावाल्यांच्या गल्लीत. अल्लाउद्दीनभाईंचं घर कुठलं रे?”

“आडाच्या पल्याडचं दुसरं. दाखवू का?”

“नको. मी जाईन.”

ती चिखलातली कोरडी जागा बघत, एकेक पाऊल जपून टाकत, आडाच्या दिशेनं चालू लागली.