आकडा बोलायचा नाही

आमच्या घरात सगळं बोललं जायचं. शेजारची सून माहेरी का निघून गेली, घरमालकाकडे आज कोणती भाजी झाली, कुणाच्या पोटात काय दुखतं, कशाचीच लाज नव्हती. फक्त पैशाचा आकडा कुणी तोंडातून काढायचा नाही. आकडा बोलला की लक्ष्मी उठून जाते, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. लग्न होऊन सोलापुरात आले त्याच महिन्यात मी भाबडेपणानं विचारलं होतं, ह्यांना पगार किती मिळतो म्हणून. सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवली आणि म्हणाल्या, "गरतीच्या बायका असलं इचारत न्हाईत, सिद्धम्मा." त्यानंतर सतरा वर्षं मी गरतीची बाई होऊन राहिले.

माझे यजमान भीमाशंकर चादरीच्या एका पेढीवर गिऱ्हाइकांना माल दाखवायच्या कामावर होते. दर एक तारखेला घरी आले की पाय धुवायचे आणि पगाराचं पाकीट देवापुढं ठेवायचे. सासूबाई, म्हणजे गुरम्मा, त्या पाकिटावर विभूतीचं बोट ओढायच्या आणि ते न उघडताच ट्रंकेत ठेवून कुलूप लावायच्या. मग महिनाभर रोज सकाळी ट्रंक उघडून मला बाजारापुरते पैसे काढून द्यायच्या. नुसते नाही द्यायच्या, सोबत व्याख्यान असायचं. माझं लेकरू दिवसभर उभं राहून कमावतंय, तेल जरा हात आखडून घाल, चहाला साखर कमी टाक. मी पदर सावरून ते पैसे घ्यायची आणि मान खाली घालायची.

बाहत्तरच्या दुष्काळात सासूबाईंनी चटणीचं काढलं. बायकांचे हात रिकामे नसावेत म्हणाल्या. पहाटे उठून मी शेंगदाणे भाजायची, सालं पाखडायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेपर्यंत उखळात कांडायची. वर ज्वारीच्या कडक भाकऱ्या. चन्नम्मा, आमची एकुलती एक लेक, शाळेला जायच्या आधी माझ्याबरोबर मुसळ धरायची. गल्लीतली बाळाबाई पाटी भरून हा माल एसटी स्टँडावर आणि लॉजांवर नेऊन विकायची आणि हिशेब सासूबाईंच्या हातात द्यायची. "चन्नीच्या लग्नाला बाजूला टाकतीया," असं सासूबाईंनी मला सांगितलं होतं. किती, ते अर्थातच विचारायचं नव्हतं.

दोन वर्षांत माझा उजवा खांदा कामातून गेला. रात्री कूस बदलता यायची नाही. एकदा मी कण्हले तर हे म्हणाले, "जमत न्हाई तर सोड की ती चटणी. तुझा येळ जावा म्हणून चाललंय ते. घर चालवायला मी हाय." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

चौऱ्याहत्तर साली चन्नम्मा मॅट्रिक झाली. चांगल्या मार्कांनी झाली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. शिक्षिकांच्या विद्यालयात तिला जागाही मिळाली. तिथल्या बाईंनी सांगितलं, वडिलांचं उत्पन्न कमी असेल तर फी माफ होते, वडिलांनी येऊन कचेरीत तेवढं सांगायचं. इतकं सोपं होतं. पण ह्यांना ते ऐकूनच घाम फुटला. "माझ्या कमाईची चवकशी करणारे हे कोण?" म्हणाले. पोरगी दोन दिवस जेवली नाही, तेव्हा कुठे अंगात कोट घालून निघाले. मीही मागोमाग गेले.

कचेरीत बाकावर ईरप्पा बसले होते. अक्कलकोटचे, आमच्याच जातीतले, किराणा दुकानवाले. पुतणीच्या प्रवेशासाठी आले होते. नमस्कार झाले. तेवढ्यात कारकुनानं ह्यांना पुढं बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "महिन्याचं उत्पन्न किती?"

ह्यांनी एकदा कारकुनाकडं पाहिलं, एकदा ईरप्पांकडं. मग छाती काढून म्हणाले, "साडेचारशे."

"मग सवलत बसत नाही," कारकून म्हणाला. "पूर्ण फी भरावी लागेल. सोमवारी संध्याकाळपर्यंत."

खरं सांगते, मला क्षणभर आनंदच झाला. साडेचारशे! आपण बऱ्यापैकी माणसं आहोत तर, आणि मी वेडी तेलाचे थेंब मोजत बसले. रस्त्यावर आल्या आल्या म्हटलं, "साडेचारशे मिळत्यात तर भरा की फी. सवलत कशाला पायजे आपल्याला?"

"रस्त्यात पैशाचं बोलू नगं," म्हणाले आणि भरभर पुढं चालायला लागले.

घरी आल्यावर मी सोडलं नाही. सतरा वर्षांचं तोंड एकदम उघडलं. साडेचारशे येतात आणि पोरीच्या फीला नाहीत, तर जातात कुठं? बाहेर कुणी ठेवलीय का? ते शेवटचं मी बोलायला नको होतं, पण बोलले. त्यावर सासूबाई कडाडल्या, "कुटलं साडेचारशे घिऊन बसलीस! दुष्काळापास्नं शेटनं अर्ध्या पगारावर आणलाय माझ्या लेकराला. एकशे चाळीस मिळत्यात!"

हे भिंतीकडं तोंड करून बसले. मी म्हटलं, "मग पाकीट भरल्यालं कसं असतंय?"

"आदल्या दिशी मीच त्याला देत हुते भरायला. गड्यानं देवापुढं रिकामं पाकीट ठेवायचं व्हय?"

"तुमी कुटनं देत हुता?"

सासूबाईंची नजर उखळाकडं गेली आणि तिथून पटकन परत आली.

संध्याकाळी बाळाबाई पाटी न्यायला आली. मी तिला दारातच धरलं आणि विचारलं, चटणीचे महिन्याचे किती होतात. ती चकित झाली. "दोनशे दहा-पंधरा हुत्यात की. तुला ठाव न्हाई व्हय गं? करतीस तर तूच."

म्हणजे माझेच पैसे. माझ्या खांद्याचे. ते सासूबाईंच्या हातातून ह्यांच्या पाकिटात जायचे, देवापुढं त्यांना विभूती लागायची, ते ह्यांची कमाई व्हायचे आणि तिथून रोज थोडे थोडे माझ्याकडं परत यायचे, वर उपदेश घेऊन. मी दोन वर्षं स्वतःच्याच पैशांपुढं मान खाली घालत होते. मला इतका संताप आला की त्या रात्री मी चूल पेटवली नाही. आणि लग्नाला बाजूला टाकलेले? एक पै नव्हती. भाड्यात, रॉकेलात, ज्वारीत सगळे खाऊन झाले होते.

ह्यांना मी एवढंच म्हटलं, "झालं ते झालं. सोमवारच्या आत जाऊन खरं सांगून या. पोरीची फी वाचंल."

"ईरप्पा हुता तितं," हे म्हणाले. "आता जाऊन एकशे चाळीस म्हणू? चार माणसांत तोंड कसं दाखवू?"

"आन् पोरीनं काय करायचं?"

"पोरीचं काय, तिचं बघंल की तिचं सासर."

शनिवारी मी एकटीच कचेरीत गेले. कारकून वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, वडिलांनी सांगितलेलं उत्पन्न आम्ही लिहिलंय. ते बदलायचं तर त्यांनीच यायला पाहिजे." मी विचारलं, "आणि माझं उत्पन्न?" तो म्हणाला, "तुम्ही कुठं नोकरीला आहात?" मी म्हटलं, चटणी करते. तो हसला. "अहो, ते घरकाम झालं," म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

घरी येते तर घर झाडून चकचकीत. अक्कलकोटाहून ईरप्पांचा निरोप आला होता. साडेचारशे पगाराचं घर, मुलगी शिकलेली, रविवारी आपल्या मुलासाठी बघायला येतो म्हणून. ह्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत तेज पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. सासूबाई साखर आणायला सांगत होत्या.

चन्नम्मा मला मागच्या दारी घेऊन गेली. "आई, तू त्यांच्याम्होरं खरं सांग," म्हणाली. "उठून जातील. एकदा समद्यांना कळलं की बाबांना लपवायला काय राहतंय? मग सोमवारी येतील ते कचेरीत." पोरीनं बरोबर विचार केला होता. मलाही दुसरा मार्ग दिसत नव्हता. मी तिला शब्द दिला.

रविवारी ईरप्पा मुलाला घेऊन आले. मुलगा खाली बघत बसला होता. शिरा झाला, मग कडक भाकरी आणि चटणी ठेवली. ईरप्पांनी मोठा तुकडा मोडून चटणीला लावला, तोंडात टाकला आणि मान डोलवली. मग देण्याघेण्याचं निघालं. पाच हजार, मुलाला घड्याळ, सायकल. "तुमच्यासारख्याला काय जड न्हाई," ते म्हणाले. हे म्हणाले, "बघू की, बघू की." कुठून बघणार होते देव जाणे.

मी दारातून पुढं झाले. पदर खोचला आणि म्हटलं, "ह्यास्नी साडेचारशे मिळत न्हाईत. एकशे चाळीस मिळत्यात. ह्या चटणीचे दोनशे दहा येत्यात, ते मी कमावते. त्याच्यावर हे घर चालतंय. बाजूला काय बी शिल्लक न्हाई."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. ह्यांची मान खाली गेली ती वर येईना. मला त्यांची दयाही आली, खोटं कशाला बोलू. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. दाराआड चन्नम्मा उभी होती, तिच्या बांगड्या वाजलेल्या मी ऐकल्या. आता हे लोक उठणार, चपला घालणार, आणि उद्या माझी पोरगी फी न भरता विद्यालयात बसणार.

ईरप्पा उठले नाहीत. त्यांनी आणखी एक तुकडा मोडला, चटणीला लावला आणि सावकाश चावत म्हणाले, "दोनशे दहा? म्हैन्याला?"

"व्हय."

"कामाला माणूस ठिवलाय?"

"न्हाई. मी आन् पोरगी, दोघीच."

"म्हंजी पोरीला येती की ही चटणी."

मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंचा पदर तोंडावरून खाली आला. "येती म्हंजी? आईपरास पोरीचा हात चांगला हाय! आज तुमी खाल्ली ती तिनंच कांडलीया!"

ईरप्पांनी मुलाकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं. "हुंड्याचं ऱ्हाऊ द्या. नारळ आन् पोरगी द्या. आमच्याकडं दर गुरुवारी दर्शनाला लई माणूस येतंय. दुकानाम्होरं एक फळी टाकली की झालं." मग माझ्याकडं वळून कौतुकानं म्हणाले, "बरं झालं बोललात, वैनी. माणसानं उघड बोलावं."

ह्यांची मान वर आली. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "बघ. तू उगाच भ्यालीस."

सोमवारी हे कामावर अर्धी रजा टाकून निघाले. कचेरीत नाही, अक्कलकोटच्या एसटीत, तारीख धरायला. मी रस्त्यात आडवी झाले, रडले, चार माणसं जमवली. त्या चार माणसांनी मलाच समजावलं, की हुंड्याशिवाय स्थळ कुणाला मिळतं, पोरीनं नशीब काढलं तुमच्या. मी परत आले तेव्हा चन्नम्मा उखळापाशी बसली होती, कचेरी बंद व्हायची वेळ टळून गेली होती. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आई, तुझी कमाई सांगायची हुतीस. माझी कशाला सांगितलीस?"

मी तिच्याजवळ बसून शेंगदाणे पाखडायला घेतले.

पुढच्या वर्षी पंचमीला ती माहेरी आली. तिची बोटं तिखटानं लाल झाली होती आणि उजवा हात वर करताना ती ओठ दाबून धरत होती. जावई बाहेरच्या खोलीत ह्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत होते. मी तिच्या खांद्याला तेल चोळता चोळता हळूच विचारलं, "चटणीचे किती मिळत्यात गं म्हैन्याला?"

तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"आकडा बोलायचा नसतोय, आई," ती म्हणाली. "आमच्या मामंजींना चालत न्हाई."