उतरणीचं पाणी

संध्याकाळी देवापाशी दिवा लागतो, पाठोपाठ टीव्हीही लागतो. आपल्यापैकी कुणाचं घर याला अपवाद आहे? पडद्यावर घोडे उधळतात, तलवारी चमकतात आणि आपण हातातला घास तसाच धरून बघत राहतो. खरंच असं घडलं होतं का, हे विचारायचं तेवढं राहून जातं.

स्वप्नालीचंही तसंच झालं. इस्लामपूरची ही लेक कोरेगावच्या पलीकडं, गडाच्या पायथ्याच्या गावात सून म्हणून आली. लिहिण्याचा हात चांगला, म्हणून यंदा यात्रेचं नाटक तिच्याकडं सोपवलेलं. विषय गावच्याच गडाचा वेढा. तिनं शेवट असा रचला, की किल्लेदार लढता लढता पडतो, बायका कड्यावरून उड्या घेतात, गडावर कुणी जिवंत उरत नाही. किल्लेदार झालेला तिचा नवरा राजवर्धन असा काही कोसळायचा, की तालमीला जमलेली पोरं शिट्ट्यांनी देऊळ डोक्यावर घ्यायची.

यात्रेच्या आदल्या दिवशी उतरणीचं व्रत आलं. गावच्या बायका त्या दिवशी निर्जळी राहतात. दिवस कलला की गडाच्या दरवाजात दिवा लावतात आणि तो पदराआड धरून, न बोलता, मागं न बघता खाली उतरतात. पायथ्याच्या विहिरीवर पहिला घोट घेतला, की उपास सुटतो. स्वप्नाली लग्नापासून हे व्रत मनोभावे करत होती. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. देवाचं असतं, करायचं.

त्या संध्याकाळी घसा कोरडा पडला होता. पायऱ्यांवर पिवळं ऊन पसरलेलं. पुढं चाललेल्या बायकांच्या पाठी त्या उन्हात अशा तरंगत होत्या, की त्या आजच्या का कुठल्या जुन्या काळातल्या, तिला कळेना. कुणाच्या तरी कडेवर पोर झोपलं होतं. आपण फार वर्षांपासून उतरतोच आहोत, असं तिला वाटलं.

विहिरीवर राजवर्धनच्या चुलतीनं, हरणाबाईंनी, तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. सगळं गाव त्यांना नानी म्हणे.

"स्वप्ना, तुझ्या नाटकात समदी मरत्यात म्हणं?"

"व्हय नानी. लोकांना तसंच आवडतंय."

"मग ह्या हिरीवर पाणी कोण प्यालं गं?"

ओंजळ तशीच राहिली. नानी हळू आवाजात सांगत गेल्या. वेढ्यात गडावरचं पाण्याचं टाकं आटलं, लेकरं पाण्यावाचून तळमळायला लागली, तेव्हा किल्लेदारानं माणसं जिवंत उतरू द्यायच्या बोलीवर गडाच्या चाव्या शत्रूला दिल्या. दिवा घेऊन तो सगळ्यांच्या पुढं उतरला. पुढं जन्मभर लोक त्याला भित्रा म्हणाले.

"त्येनं त्ये सोसलं, म्हणून आमी हाय," नानी म्हणाल्या. "उद्या पोरी म्हनतील, समदी मेली हुती, मग उपास कशाला? त्यो दिवा तितंच इझंल."

घरी येऊन स्वप्नालीनं शेवट बदलायचा म्हटल्यावर राजवर्धन भडकला. टाळ्या जातील, गाव हसेल, असं म्हणत तो येरझाऱ्या घालू लागला.

"महिनाभर मिशा राखल्या, त्या चाव्या द्यायला व्हय?"

"चाव्या देतानाबी त्येला मिशा हुत्याच की रं," नानी उंबऱ्यातून म्हणाल्या.

राजवर्धनला हसू आवरेना. मग मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला, "लोकांनी भित्रा म्हटलेलं सोसायचं... मरण्यापरीस अवघड काम हाय हे."

यात्रेत नाटक उभं राहिलं. राजवर्धननं तलवार सोडून खाली ठेवली, चाव्या ठेवल्या, गडावरचं एक लेकरू कडेवर घेतलं आणि दिवा उचलला. एक शिट्टी नाही, एक टाळी नाही. विंगेत स्वप्नालीनं पडद्याची दोरी हातात घेतली. बुडालं नाटक!

तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून पाण्याचा एक तांब्या निघाला. या हातातून त्या हातात सरकत तो रंगमंचापाशी आला आणि नानींनी तो किल्लेदाराच्या पायाशी ठेवला. राजवर्धननं आधी कडेवरच्या लेकराला पाजलं, मग स्वतः घोट घेतला. समोरचं सगळं गाव आपोआप उठून उभं राहिलं.

बंधुभगिनींनो, नाटकाला रंग हवाच. देवाच्या मूर्तीलाही आपण साज चढवतो. पण साज चढवताना मूर्तीच बदलत नाही. टाळ्यांसाठी पूर्वजांना मारू नका. ते कसे मेले यापेक्षा त्यांनी कशासाठी जगणं पत्करलं, ते लेकरांना सांगा. त्या जगण्याचंच पाणी आज आपल्या ओंजळीत आहे.