एकदाच फिरलेली किल्ली

मी किल्ली बोलतेय. दाराची नाही, कपाटाची नाही, कॉम्प्युटरची. हसताय ना? हसा. पण एके काळी कॉम्प्युटरच्या कपाळावर खरोखरचं कुलूप असायचं आणि त्यात माझ्यासारखी गोल, नळीसारखी किल्ली बसायची. मी फिरले की कीबोर्ड मुका व्हायचा आणि लोखंडी झाकण घट्ट बसायचं.

निदान तसं व्हावं अशी अपेक्षा होती. खरं सांगू का, कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी एकाच साच्यातून निघालो. माझ्या कुलपात माझी कुठलीही बहीण चालली असती. म्हणजे पहारा होता, पण नावालाच.

ताईंच्या घरी मी आले तेव्हा खोलीत उन्हाचा पिवळा पट्टा पडला होता आणि सगळीकडे लोकरीचे गुंडे होते. ताई स्वेटरचे नमुने काढायच्या. कागदावर चौकटी आखून आखून डोळे थकले, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. पहिल्या दिवशी मला कुलपात खोचलं ते खोचलंच. घरात आई आणि ताई दोघीच, कुलूप लावायचं कुणासाठी? मी तिथूनच खोली बघत राहिले. दुपारी लोकरीचे तंतू उन्हात तरंगायचे आणि मला वाटायचं, आपणही तरंगतोय.

खिडकीपाशी आई विणत बसायची. आईची आठवण हळूहळू विरत चालली होती, पण बोटं मात्र काही म्हणजे काही विसरत नव्हती. रोज एक नवी वीण तिच्या सुयांवर उतरायची, तिच्या आजीकडून आलेली, कुठल्या तरी मावशीची, कधी स्वतःच्याच मनातली. ताई ती बघून पडद्यावर चौकटी भरायच्या, काळी म्हणजे सुलट टाका, पांढरी म्हणजे उलट. संध्याकाळ झाली की आई तो नमुना उसवून लोकर पुन्हा गुंडाळून ठेवायची. लोकर वाया घालवायची नाही, हा तिचा जन्माचा शिरस्ता. त्यामुळे आईच्या विणी सगळ्या एकत्र अशा एकाच जागी उरत होत्या, त्या यंत्राच्या पोटात.

आईला एक सवय जडली होती. खोलीत कुणीही आलं की ती विचारायची, "कोण तू?" दूधवाल्याला, शेजारणीला, स्वतःच्या लेकीलासुद्धा. ताई दर वेळी सांगायच्या, "मी तुझी लेक, आई." कधी हसून, कधी तोंड फिरवून.

आणि माझ्या शेजारचं हे यंत्र! त्यानं जन्मात कधी कुणाला "कोण तू?" विचारलं नाही. जो समोर बसेल तो मालक. माझ्या बाजूलाच त्याचं तोंड होतं, माहिती साठवायची चपटी फ्लॉपी घालायचं. त्याला ना दार, ना कडी. मी कपाळावर ऐटीत बसलेली आणि हाताच्या अंतरावर हे उघडं भगदाड. मला फार गंमत वाटायची त्या वेळी.

त्या गल्लीत फ्लॉप्यांची देवाणघेवाण वाटीभर साखरेसारखी चालायची. कोपऱ्यावरचे छापखानेवाले काका, समोरची फोटो स्टुडिओवाली, सगळ्यांचं येणंजाणं. आणि ताईंचा नियम पक्का होता, वाटी रिकामी परत द्यायची नाही. कुणाची फ्लॉपी परत करताना त्या तिच्यावर आईची एखादी वीण भरून द्यायच्या. "तुम्हाला उपयोग नसला तरी राहू दे," म्हणायच्या. बघता बघता गल्लीनंही तोच नियम उचलला.

म्हणूनच एकदा काकांनी ताईंची फ्लॉपी परत करताना तिच्यावर मासे घालून दिले. फ्लॉपी घातली की काळ्या पडद्यावर निळे, केशरी मासे संथ पोहायचे. काकांनाही ते कुणीतरी असंच प्रेमानं दिलं होतं.

आईला मासे इतके आवडले की ताई ती फ्लॉपी तोंडातून काढेचनात. सकाळी यंत्र सुरू झालं की आधी फ्लॉपीचं ऐकायचं आणि मग स्वतःच्या पोटातलं. पाहुणा आधी, घरचे मागून, अशीच त्याची शिकवण. त्या पाहुण्याच्या पिशवीत काय आहे, हे कुणीच विचारलं नाही.

आई तासन् तास मासे बघायची. बघता बघता तिच्या सुयांवर एक वीण आली, जी तिनं आधी कधी विणली नव्हती. इवल्या मासोळ्या, एकीआड एक, शेपट्या उलट्या वळलेल्या. ताईंनी हरखून ती पडद्यावर उतरवली. म्हणाल्या, "आई, ही तर सगळ्यांत सुंदर!" मग कुणीतरी हाक मारली म्हणून त्या दारात गेल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. "एवढीशी आहेस, हरवशील," म्हणाली, आणि नमुना न उसवता त्याची अरुंद पट्टी माझ्या गळ्यात बांधली. ताई परत आल्या, यंत्र बंद केलं, त्यावर कापड टाकलं. त्यांनी मला पाहिलंच नाही, वीण नेहमीसारखी उसवली असेल असंच धरलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कापड नुसतं पडद्यावरून सारलं, मी त्याच्या घडीखालीच राहिले; यंत्र सुरू झालं आणि पडदा काळाच राहिला. मासे नाहीत, चौकटी नाहीत, काहीच नाही.

दुरुस्तीवाला आला. बराच वेळ खटपट करून त्यानं मान हलवली. "ताई, पोटातलं सगळं पुसलं गेलंय. माशांबरोबर रोग आला होता."

"पण असं कुणीही यावं आणि पुसून जावं? हे यंत्र अडवत कसं नाही?"

"कसं अडवणार? पूर्वीचे कॉम्प्युटर हॉलभर मोठे असायचे. एकाच यंत्रावर शेकडो माणसं कामं करायची, म्हणून ते प्रत्येकाला नाव विचारायचं, खुणेचा शब्द विचारायचं. मग हे छोटं निघालं, एकट्या माणसासाठी. बनवणाऱ्यांना वाटलं, स्वतःच्या घरात माणसाला कशाला टोकायचं? तो प्रश्नच काढून टाकला. एकट्यासाठी ते ठीकच होतं हो. पण आपण त्याला गल्लीच्या पंगतीत जेवायला बसवलं."

आईची बोटंही त्याच सुमारास मंदावत चालली होती. पुन्हा विणून घेऊ म्हणावं, तर तीही सोय राहिली नव्हती. ताई रडल्या तेव्हा मला माझ्या लोखंडी जन्माची लाज वाटली.

तो निघून गेल्यावर आई उठली, यंत्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोण तू?" तिनं मला फिरवलं. माझ्या आयुष्यात मी फिरले ती तेवढीच. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! मग तिनं मला काढून आपल्या विणकामाच्या पिशवीत टाकलं.

पुढचं मी पिशवीतल्या अंधारात, अर्धवट झोपेत ऐकलं. गल्ली धावून आली. काका तर आधी ताईंकडे मान वर करून बघेनात, पण त्यांच्याकडे वीस-पंचवीस विणी निघाल्या. स्टुडिओवालीकडे तेवढ्याच. कुणाच्या खणातून, कुणाच्या पुस्तकातून, ताईंनी भरून दिलेल्या वाट्याच जणू परत आल्या. या खेपेला दुरुस्तीवाल्यानं प्रत्येक फ्लॉपी आपल्या दुकानातल्या यंत्रावर तपासून घेतली. एकूण एक वीण मिळाली. फक्त मासोळी नाही, ती कुणाला द्यायला वेळच झाला नव्हता. ताईंनी आठवून आठवून विणली, शेपटी दर वेळी चुकीच्या बाजूला वळायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी पिशवीतून ओरडत होते, पण किल्लीला आवाज कुठला? आईची बोटं थांबल्यापासून ती पिशवी उघडायचा ताईंना धीरच नव्हता.

वर्षं गेली. घरात नवी यंत्रं आली. ती म्हणे सारखी विचारतात, कोण तू, शब्द सांग, चेहरा दाखव. आणि माणसं तो शब्द चिठ्ठीवर लिहून यंत्राच्याच कपाळावर चिकटवतात. अगदी माझ्याच जागी. मला तर हसूच आलं.

आज भंगारवाला जुनं यंत्र न्यायला आला. "झाकणाला कुलूप आहे, किल्ली बघा ना," म्हणाला. ताईंनी सगळे खण उपसले. मग आईच्या उशाशी टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं, जरा थांबल्या, आणि हात घातला.

आधी त्यांच्या अंगठ्याला मी नाही, पट्टी लागली. अंगठा एकेका टाक्यावरून सरकत गेला आणि थबकला. त्या खाली बसल्या. चष्मासुद्धा लावला नाही.

आई पडल्या पडल्या बघत होती. हात लांबवून तिनं पट्टी चाचपली. म्हणाली, "ही माझी." बऱ्याच दिवसांत तिनं काही ओळखलं नव्हतं. मग ताईंकडे वळून नेहमीसारखंच विचारलं, "आणि तू कोण?"

"मी?" ताई म्हणाल्या. "तू विणायचीस ना, ते मी उतरवून घ्यायची."

"मग घे ना उतरवून," आई म्हणाली.

ताईंनी माझ्या गळ्यातली गाठ हलकेच सोडली, मला भंगारवाल्याच्या हातावर ठेवलं आणि सुयांवर टाके घातले.

आता मी हातगाडीवर आहे, माझ्या उघड्या तोंडाच्या सोबत्याशेजारी. गळा मोकळा लागतोय, जरा गारही. वाईट नाही वाटत. जाता जाता एवढंच सांगते. दारात कुणी आलं तर "कोण तू?" विचारा, त्यात अपमान नाही. पण वाटी मात्र कुणाची रिकामी परत देऊ नका.